पेटारा चौथ्या मजल्यावर न्यायचा की इथेच सोडायचा?

दांडियाबाजार
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. दसरा झाला की आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातलं राहतं घर सोडून वासणा रोडला फ्लॅटमध्ये जातोय. घर पडणार आहे, त्यावर रडून झालंय, ते काढू नका. प्रश्न पेटाऱ्याचा आहे.

आजेसासूबाईंच्या लग्नातला सागवानी पेटारा. आज टेप घेऊन मोजला: लांबी साडेचार फूट, रुंदी सव्वादोन, उंची चाकांसकट अडीच. हो, चाकं आहेत, लाकडाचीच, चार, त्यातलं एक संपावर. पुढच्या अंगाला पितळी पट्ट्या आणि फुलांसारख्या खिळ्यांची रांग. आत डाव्या हाताला एक उथळ खण, त्याला वेगळं झाकण. रिकामा असला तरी दोन माणसांना हलत नाही. नव्या इमारतीची लिफ्ट चार माणसांची. सामान हलवणारा येऊन बघून गेला, म्हणाला, "बेन, आ तो अहींया ज मूकी दो." म्हणजे, हा इथेच सोडून द्या.

आत काय आहे? गौरींचे पितळी मुखवटे आणि त्यांच्या साड्या. अंतरपाट, तीन पिढ्यांचा तोच. नवऱ्याची कुंची, आणि त्याच कुंचीत माझी मुलगी. आजेसासऱ्यांची पगडी, जिच्यात आता डोकं सोडा, नारळही मावणार नाही इतकी बसलीय. चांदीचा खुळखुळा. आजेसासूबाईंना शाळेत बक्षीस मिळालेली पाटी (बडोद्यात 1906 पासून संस्थानभर शिक्षण सक्तीचं झालं होतं, मुलींनाही, त्यामुळे आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायका वाचणाऱ्या होत्या, हे मी पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी ऐकवते). आणि उथळ खणात लाल फडक्यात बांधलेला मोडी कागद. पादरा गावाकडच्या जमिनीचा आहे म्हणतात. वाचलेला कोणीच नाही.

घरात तट पडलेत. मुलगी फोनवरून: फोटो काढ, वस्तू वाटून टाक, पेटारा विक. नवरा गप्प, म्हणजे ठेवायचा, पण उचलायला मी नाही. सासूबाई 87 वर्षांच्या: "मी आहे तोवर किल्ली माझ्याकडे. पुढचं तुम्ही बघा." माझं मत मलाच कळत नाहीये. तीस वर्षांत मी तो वर्षातून एकदाच, गौरींच्या आदल्या दिवशी उघडताना पाहिलाय. बाकी वर्षभर त्याच्यावर गाद्यांचा ढीग.

राजवाडा_इंदूर
विकू नका. आम्ही 2009 मध्ये विकला. जुन्या सामानवाल्याने साडेतीन हजार दिले. टेम्पोत चढवताना त्याने नखाने पितळ खरवडून पाहिलं आणि पोराला म्हणाला, नीट धर. तेव्हाच कळायला हवं होतं. पुढे एका हॉटेलात जेवायला गेलो तर आमची पेटी स्वागतकक्षात. वर काच बसवलेली, आत शोभेचे पांढरे दगड. झाकणाच्या कोपऱ्यात मी लहानपणी कंपासने कोरलेलं पहिलं अक्षर होतं, म्हणून ओळखली. आई सोबत होती. ती काही बोलली नाही, फक्त जेवली नाही.

वाकडा_खिळा
ताई, आधी गणित. सगळे "हलत नाही, हलत नाही" म्हणतात आणि कोणी मोजत नाही. इंचभर जाडीच्या फळ्या धरल्या तर तुमच्या मापाच्या पेटाऱ्यात सुमारे चार घनफूट लाकूड भरेल. सागाचं एक घनफूट साधारण 18-19 किलो. म्हणजे लाकूड 70-75 किलो. चौकट, चाकं, पितळ धरून शंभराच्या आसपास. दोन माणसांना हलत नाही हे ती दोन माणसं कोण यावर अवलंबून आहे.

आता लिफ्ट. चार माणसांची लिफ्ट 272 किलोची असते, वजनाची चिंता नको. दाराची रुंदी मोजून सांगा. तुम्ही पेटारा आडवा डोळ्यासमोर ठेवताय. तो उभा करायचा. उभा केला की फक्त रुंदी आणि उंची बघायची, म्हणजे 27 इंच आणि 30 इंच. चाकं काढली तर ते 30 आणखी कमी होतील. बहुतेक जुन्या पेटाऱ्यांची चाकं खालच्या आडव्या दांड्यांत आसावर असतात, आणि आस पाचरीने अडवलेला असतो. पाचर उलट्या बाजूने ठोकली की सुटते. हातोडी थेट लाकडावर मारू नका, मध्ये लाकडाचा तुकडा धरा. झाकणाच्या बिजागरीची सळई निघत असेल तर झाकणही वेगळं न्या.

आणि हे काम दसऱ्यानंतरच करा, पावसात नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून श्रावणात झाकण अडकतं आणि मार्गशीर्षात सैल पडतं. जुन्या सुताराला हे माहीत होतं. तो मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवायचा, चिकटवायचा नाही, तिला हलायला जागा ठेवायचा. हल्ली कोणीतरी शहाणा येतो, ती फट फेव्हिकॉलने बुजवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. कोणाला बुजवू देऊ नका.

चाकं आहेत म्हणजे मूळ घडण काठेवाड-कच्छकडची वाटते. तिकडे मोठे पटारे असेच, खाली चाकं, समोर पितळेचं काम, वर गोधड्यांचा डोंगर. साग मलबार आणि ब्रह्मदेशातून गलबतांनी यायचा. मुलीला सासरी पाठवताना पटारा द्यायची पद्धत तिकडचीच. बडोद्यातल्या मराठी घरात तो कसा आला याची गोष्ट सासूबाईंना विचारा, त्या आहेत तोवर विचारा.

सुरसागर_काठ
इतका उपद्व्याप करण्यापेक्षा सांखेड्याचा एक छोटा नवा घ्या, सुंदर मिळतात, मरून आणि सोनेरी. मूळ पेटारा दिराला द्या.

वाकडा_खिळा
सांखेड्याचं काम मला आवडतं, पण ती वेगळी जात आहे. खरादावर (लेथवर) फिरवलेल्या लाकडावर लाख चढवतात. पाळणा, खुर्ची, झोपाळ्याचे दांडे, सगळं गोल गोल. सपाट फळीचा साडेचार फुटी पेटारा हे सुताराचं काम, खराद्याचं नाही. आणि दिराला द्यायचा असेल तर दिराची लिफ्ट मोजा.

दांडियाबाजार
दीर नाशिकला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच नाही. 😄 आमच्या लिफ्टचं दार मोजलं: 28 इंच. म्हणजे एक इंच मोकळा?

वाकडा_खिळा
कडी काढा. कडी बाहेर येते दीड इंच.

खरंखुरं_मत
सगळे भावुक झालेत म्हणून एक कडवट गोष्ट बोलते. "किल्ली सासूबाईंकडे" हे ऐकायला छान वाटतं. किल्ली बाईकडे म्हणजे धूळही बाईकडे, डांबरगोळ्याही बाईकडे, आणि कसर लागली तर बोलणीही बाईलाच. माझ्या आईने चाळीस वर्षं एक पेटी सांभाळली. ती गेल्यावर उघडली तर त्यात काय? आम्हा भावंडांच्या सगळ्या इयत्तांच्या सगळ्या सहामाही परीक्षांचे पेपर. सगळे. फोटो सुद्धा काढले नाहीत, रद्दीत दिले. कोणाचंही काही अडलं नाही. ताई, तुम्हाला तो हवाय का, की "मी टाकला" हे नको आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दांडियाबाजार
@खरंखुरं_मत, दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त आहे, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुमचा प्रतिसाद डोक्यात होता.

मावशी_अकोटा
ऑगस्ट 2024 चा पूर. बडोदेकरांना तारीख सांगावी लागत नाही. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, आमचं तळमजल्याचं घर. पाणी हळूहळू येतं हो, धो-धो येत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. आधी मोरीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून. टीव्ही उचलला, फ्रीज ओट्यावर चढवता आला नाही. शयनघरात एका भिंतीला लोखंडी कपाट आणि एका भिंतीला आमचा पेटारा. पाणी गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे.

तिसऱ्या दिवशी खाली उतरलो. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा पाण्याने भरलेला, दार गंजून आणि चिखलाने असं बसलं की पहारीने उघडलं. पेटारा जागेवरच नव्हता. तरंगत दारापाशी गेला होता आणि पाणी उतरल्यावर तिथेच तिरका बसला होता, दार अडवून. आम्हाला आधी खोलीत शिरताच येईना! आत तळाला चार बोटं पाणी. खालच्या साड्या गेल्या. वरच्या खणातली कागदपत्रं, माझ्या सासऱ्यांचं बडोदा संस्थानचं नोकरीचं पत्र, नुसतं दमट.

म्हणून मी लाकडाची भक्त झाले असं नाही. खालच्या साड्यांचा रंग एकमेकींना लागला, आणि लाकडाचा तपकिरी डागही बसला. शिकले ते हे की तळाला काहीच प्रिय ठेवायचं नाही. तळाला आता जुन्या चादरी.

फोटोंचं मात्र शिकण्याआधीच चुकलं. ओले फोटो एकमेकांना चिकटले होते, ते मी घाईने सोडवले, लग्नाच्या फोटोतली माणसं सोलून निघाली. नंतर कळलं की स्वच्छ पाण्यात बुडवून हळूहळू सुटतात, आणि वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायचे, मग सावकाश. तेव्हा वीजही नव्हती, तर फ्रीझर कुठला.

जरीकाठ
मी इथल्या विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकले (आमचा विभाग 1952 चा, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी), त्यामुळे मावशींचा "तपकिरी डाग" वाचून गप्प बसवेना.

लाकूड श्वास घेतं म्हणून चांगलं, हे बरोबर आहे. हवेतली ओल ते शोषतं आणि परत सोडतं, त्यामुळे आतली हवा एकदम बदलत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत रात्री गार झालं की आतल्या बाजूला दव धरतं. सागात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण लाकूड आम्लही सोडतं. म्हणून कापड लाकडाला टेकता कामा नये. मांजरपाट दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवून खळ पूर्ण काढा, इस्त्री करा, आतून सगळीकडे अंथरा. खळ राहिली तर कसरीला जेवणाचं ताट वाढल्यासारखं. आतून पॉलिश, व्हार्निश काही लावू नका. बाहेरून मेण चालेल.

वर्तमानपत्र गुंडाळू नका. साडीतली जर काळी पडते ती गंधकामुळे, आणि ते लोकर, रबर, हलका कागद, सगळ्यांतून येतं. काळी पडलेली जर घासून चमकवायला जाऊ नका. चांदीचा मुलामा जितका पातळ, तितकं ते घासणं महाग.

आता डांबरगोळ्या. त्या कापडाला थेट लागू द्यायच्या नाहीत, आणि कापराच्या वड्यांबरोबर तर मुळीच नाही. दोन्ही एकत्र आले की बत्तीसेक अंशावरच वितळून तेलकट पाणी होतं. बडोद्याच्या मे महिन्यात पेटाऱ्यात त्याहून कमी कधी असतं? माझ्या मामीचा शालू असाच गेला, तिने "दुप्पट काळजी" म्हणून दोन्ही घातले होते. वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. जुन्या पोथ्यांना तेच होतं. वेखंड कीड पळवतं, मारत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वर्षातून एकदा उघडणं पुरे नाही. साड्यांची घडी चार-सहा महिन्यांनी बदलायची, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. दसऱ्यानंतर उन्हात घालायची पद्धत आहे, पण रेशीम सावलीत, वाऱ्यावर. ऊन रंग खातं.

दांडियाबाजार
सासूबाईंना वाचून दाखवलं. सावलीचं पटलं नाही. "सत्तर वर्षं उन्हात घातल्या, मग त्या टिकल्या कशा?" मी म्हटलं, टिकल्या, पण गौरीची हिरवी साडी एका बाजूने पोपटी आहे. त्यावर गप्प. बारा तासांनी म्हणाल्या, ती आधीपासूनच तशी होती.

लष्कर_ग्वाल्हेर
आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात याला कोणी पेटारा म्हणत नाही, संदूक म्हणतात. गंमत अशी की जुन्या मराठीत पेटारा म्हणजे वेताचा-बांबूचा झाकणाचा करंडा, बैलावर लादायचा. हिंदीत पिटारा अजूनही गारुड्याचा. तुमच्या बडोद्यात गुजराती पटाऱ्याच्या संगतीने तो लाकडाचा झाला आणि त्याला चाकं फुटली. शब्दही भाड्याच्या घरात राहून शेजाऱ्यांसारखे होतात.

इकडचा प्रश्न उलटा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात 45-46 अंश, हवा कोरडी ठाक. संदुकीच्या झाकणात आजी एक ओलं फडकं ठेवायची. जरीकाठ बाई ओरडतील, पण ठेवायची.

जरीकाठ
ओरडले.

कित्ता_गिरवणारा
त्या मोडी कागदाचं सगळे विसरले का? ताई, उजेडात, सपाट ठेवून, बिना फ्लॅशचा फोटो टाका. घडी जबरदस्तीने उलगडू नका. शाई काजळीची असेल तर उन्हाने उडणार नाही, पण पाण्याचा थेंब पडला तर पसरेल, म्हणून थुंकी लावून पान सोडवायचं नाही. (हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय.)

दांडियाबाजार
सासूबाईंनी किल्ली दिली!! गौरी सोडून इतर दिवशी उघडायची ही पहिली वेळ. खाली जमिनीवर बसल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन कोणाची ते सांगत होत्या, नवऱ्याने फोनवर रेकॉर्ड केलं. मुलगी व्हिडिओवर होती, "विका" म्हणणारी, तिने कुंची कॅमेऱ्याजवळ धरायला लावली तीनदा. पगडी काढताना आत उंदराने केलेलं घर सापडलं, तेही जुनं, वारसाहक्काचं. पेटारा कसा आला तेही कळलं: आजेसासूबाईंच्या वडिलांची नोकरी अमरेलीला होती, अमरेली तेव्हा गायकवाडांकडेच, तिथल्या सुताराकडून घेतला. वाकडा_खिळा, तुमचा अंदाज बरोबर. कागदाचा फोटो जोडलाय.

कित्ता_गिरवणारा
वाचला. दोन रात्री लागल्या, अक्षर गिचमिड आहे आणि लिहिणाऱ्याने बोरू बहुतेक उचललाच नाही.

ताई, जमीन नाही. शके 1850 फाल्गुन, म्हणजे 1929. मथळा आहे "लग्नास आणिलेली भांडी, तपशील". खाली यादी: पराती 4, तांबे 21, समया 2, पाट 30, पिंप 1, घंगाळ 1. प्रत्येकापुढे कोणाकडून आणलं ते, आणि नंतरच्या शाईत "पोचले". पराती पोचल्या. तांबे पोचले, त्यातला एक "चेपला, भरून दिला". समया, पाट, पिंप, सगळं पोचलं. घंगाळापुढे काही नाही. समोरच्या वाड्यातलं आहे असं दिसतं, "समोरील" एवढंच लिहिलंय आणि पुढे आडनावाची दोन अक्षरं.

खरंखुरं_मत
शंभर वर्षं जमिनीचा कागद म्हणून सोवळ्यात ठेवलेली उधारीची यादी! मी माझं मत मागे घेत नाही, पण हा धागा सोडणारही नाही.

राजवाडा_इंदूर
पादऱ्याची जमीन गेली. 😂

दांडियाबाजार
मंडळी, आज कोजागिरी. पेटारा चौथ्या मजल्यावर पोचला. कडी काढली, चाकं काढली (पाचरी सुटल्या, तीन हाताने, संपावरची चौथी तेल घालून), उभा केला आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून लिफ्टमध्ये गेला. मी जिन्याने वर धावत गेले, दार उघडलं तेव्हा पेटारा एकटाच उभा होता. हॉलमध्ये खिडकीखाली ठेवलाय, गाद्या वर नाहीत. मांजरपाट धुवून अंथरलाय. तळाला जुन्या चादरी, मावशींच्या आज्ञेनुसार. किल्ली सासूबाईंनी स्वतःच कडीला लटकवून ठेवलीय, "आता कोण कोण येईल त्यानं उघडावं" म्हणाल्या, आणि संध्याकाळी परत कमरेला खोचली.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. आमच्या जुन्या घराच्या मागच्या चौकात एक तांब्याचं मोठं घंगाळ होतं, त्यात मी पंधरा वर्षं कढीपत्ता लावलाय. फ्लॅटच्या बाल्कनीत आणायला काल माती काढून घासलं. काठाखाली नाव घातलेलं आहे. आमचं नाही. कित्त्याने वाचलेलीच दोन अक्षरं.

वाकडा_खिळा
!!!

मावशी_अकोटा
अगं बाई. समोरचा वाडा म्हणजे तो निळ्या खिडक्यांचा ना? त्यांची नातसून माझ्याबरोबर भिशीत आहे. बोलू का?

कित्ता_गिरवणारा
यादीत "पोचले" लिहायला जागा मोकळी आहे.

दांडियाबाजार
सासूबाईंना विचारलं परत द्यायचं का. त्या म्हणाल्या, द्या की, पण 1961 च्या मुंजीत त्यांनी आपली मोठी परात नेली होती, ती आधी आणा.